जुन्या गाडीचा दम : निदान आधी, खर्च मागाहून

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आटोपल्यावर आणि भोजनाची पाने मांडली जाण्यापूर्वी कोणीतरी एखाद्या उपयुक्त विषयावर चार शब्द बोलावे, हा आपल्या मंडळाचा जुना परिपाठ आहे. यंदा ती आज्ञा कार्यवाहांनी आम्हांस केली. आम्ही विषय कळविला तेव्हा ते क्षणभर स्तब्ध राहिले. “मास्तर, मोटारदुरुस्ती हा काय संमेलनाचा विषय झाला?” असे त्यांनी मोठ्या सौजन्याने विचारले. त्यांची शंका रास्त होती. आमची हयात माध्यमिक शाळेत गणित शिकविण्यात गेली; यंत्रविद्येची पदवी आम्हांपाशी नाही. परंतु आज सभागृहात येताना बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांवरून आम्ही नजर फिरविली. त्यांतील निम्म्याहून अधिक गाड्या दहा वर्षांच्या पुढच्या असाव्यात. आपली ज्ञाती मध्यम स्थितीतली आहे. आपल्या घरांत गाडी एकदा येते आणि मुलीच्या लग्नापासून नातवाच्या बारशापर्यंत सर्व कार्ये पार पाडते. अशा गाडीचा दम उणा पडला, म्हणजे आपल्या नेहमीच्या भाषेत तिचा पिकअप गेला, की घरधन्याच्या कमरेच्या कशाला हात पडतो. तो उगाच पडू नये, एवढ्याच हेतूने आम्ही येथे उभे आहो.

प्रथम आमच्यावर गुदरलेला प्रसंग सांगतो, कारण पुढील सारे विवेचन त्यातूनच निघाले आहे.

आमच्या घरी २००६ सालची मारुती ८०० आहे. ही गाडी १९८३ साली प्रथम रस्त्यावर आली आणि २०१४ साली तिचे उत्पादन बंद झाले, हे आपण जाणताच. तीन सिलिंडर, ७९६ घनसेंटिमीटरचे इंजिन आणि जेमतेम ३७ अश्वशक्ती, एवढाच तिचा संसार. आमच्या तीर्थरूपांनी ती घेतली आणि अजूनही ते तिचा उल्लेख ‘आपली नवी गाडी’ असाच करतात. त्यांच्या हृदयविकारावर कराड येथे उपचार चालू असल्याने महिन्यातून एकदा चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून जावे लागते. २०२४ च्या श्रावणात अशाच एका फेरीत पोफळी मागे टाकून आम्ही घाटास लागलो आणि गाडीने मान टाकली. दुसऱ्या गिअरात ती चढेना. पहिल्या गिअरात घातली तर कण्हत कण्हत दहा-पंधरा हात जाई आणि बंद पडे. वर दाट धुके, बाजूला पावसाचे लोट आणि मागे मालमोटारींची रांग. तेव्हा शेजारी बसलेले तीर्थरूप शांतपणे म्हणाले, “अरे, मला इथे उतरव. तेवढीच गाडी हलकी होईल.”

शहाऐंशी वर्षांच्या माणसाने भर पावसात घाटात उतरण्याची तयारी दाखवावी, यापरता लाजिरवाणा क्षण आमच्या आयुष्यात दुसरा आला नाही. एका परोपकारी मालमोटारचालकाने आम्हांस दोर लावून वर ओढून नेले आणि त्या दिवशीचा प्रसंग निभावला.

यानंतर आम्ही जे केले ते अनुकरणीय नाही, म्हणूनच सांगतो. आम्ही एका गॅरेजमध्ये गेलो. तेथे प्रथम प्लग बदलले, ४५० रुपये. गुण येईना, म्हणून पेट्रोलपंप व त्याचा फिल्टर बदलला, ४,२०० रुपये. नंतर इंजेक्टर साफ केले, १,८०० रुपये. आणि पेट्रोलात घालावयाचे एक औषध दिले, ६५० रुपये. अशा रीतीने ७,१०० रुपये खर्ची पडले आणि गाडी होती तेथेच राहिली. अखेर इंजिनाचा दाब मोजून कारागिरांनी निकाल दिला की, २२ जुलै २०२१ च्या महापुरात चाकांना पाणी लागले होते, तेच भोवले. आता पिस्टनच्या रिंगा गेल्या असून इंजिन उघडून संपूर्ण काम करावे लागेल. खर्च ४२,००० रुपये. गाडी विकावयास काढली तर तेवढे पैसेही येणार नाहीत. धाकट्या कन्येच्या महाविद्यालयीन शुल्कासाठी ठेवलेली ठेव मोडावी की गाडी मोडीत घालावी, या विवंचनेत आम्ही दोन रात्री काढल्या.

तिसऱ्या दिवशी आमच्या सौभाग्यवतींचे मामा सहज भेटावयास आले. त्यांनी एस.टी.च्या कार्यशाळेत एकतीस वर्षे काढली. आमची कहाणी ऐकून ते गाडीपाशी गेले. आम्हांस वाटले, आता ते बॉनेट उघडतील. त्यांनी खुर्ची मागविली, चहा मागविला आणि आम्हांस सहा प्रश्न विचारले. पिकअप एकदम गेला की हळूहळू? सपाटीवर त्रास होतो की चढावरच? इंजिन थंड असताना की तापल्यावर? धूर निघतो का आणि कोणत्या रंगाचा? तेल व पाणी किती घालावे लागते? आणि शेवटचा प्रश्न : “जावईबापू, त्रास सुरू होण्यापूर्वी गाडीला शेवटचा हात कोणाचा लागला आणि कशासाठी?”

आम्ही उत्तरे दिली. पिकअप नेमका केव्हा गेला ते ठाऊक नव्हते, कारण गाडी बहुधा गावातच चाले. तथापि महापुरानंतर दोन वर्षे ती घाट बिनतक्रार चढत होती. सपाट रस्त्यावर अजूनही ती ताशी सत्तर-ऐंशीने पळे. मरगळ दिसे ती चढावर आणि निघताना. धूर मुळीच नव्हता. तेल दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये घालावेच लागत नसे. शेवटच्या प्रश्नावर आम्ही थबकलो. वही काढून पाहिली. २०२३ च्या दिवाळीत टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातील दातेरी पट्टा, जुना झाला म्हणून बदलला होता. त्यानंतरच्या हिवाळ्यापासून कराडच्या फेऱ्यांत ‘आज गाडी जरा जड वाटते’ अशी नोंद आमच्याच हातची दोनदा होती. ती आम्ही लिहिली होती, पण वाचली नव्हती.

मामा म्हणाले, “रिंगा गेलेली गाडी तेल पिते आणि निळा धूर सोडते. तुमची दोन्ही करत नाही. मग रिंगा कशा गेल्या?”

येथे कथा थोडी थांबवितो, कारण मामांनी त्या दुपारी जी पद्धती आम्हांस शिकविली तीच आजच्या भाषणाचा गाभा आहे.

वैद्यकात निदान आधी आणि चिकित्सा मागाहून. ओळखीचा वैद्य असला म्हणून कोणी नाडी न पाहताच त्याच्याकडून काढा घेत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र आपण भाग बदलत जाण्यासच दुरुस्ती समजतो. हा भाग बदलून पाहू, तो बदलून पाहू, असे करीत शेवटी गुण आला तरी नेमका कशाने आला हे कळत नाही आणि पैसे मात्र साऱ्यांचे द्यावे लागतात. यास्तव पहिला नियम असा की, तपासणीचा क्रम फुकट गोष्टींपासून सुरू होऊन खर्चिक गोष्टींकडे जावा. दुसरा नियम असा की, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम वहीत लिहावा.

पहिली पायरी : दम खरोखरच इंजिनाचा गेला आहे काय, हे ठरवावे. पुष्कळदा इंजिन निर्दोष असते आणि त्याची शक्ती वाटेत हरवते. चाकांत हवा कमी असेल तर गाडी जड चालते. ब्रेक अडकून राहत असतील तर गाडी चालविताना आपण जणू हातब्रेक ओढूनच जात असतो. त्याची परीक्षा सोपी आहे. चार-पाच किलोमीटर ब्रेकचा फारसा वापर न करता जाऊन यावे आणि चारही चाकांजवळ हात नेऊन पाहावा. चाकास हात लावू नये, कारण चटका बसतो. एकाच चाकातून आच येत असेल तर दोष तेथे आहे. सपाट जागी गाडी न्यूट्रल करून ढकलून पाहावी. ती सहज सरकली पाहिजे. क्लच घसरत असेल तर वरच्या गिअरात ॲक्सिलरेटर दाबताच इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही, आणि कधी कधी जळका वास येतो. या साऱ्या परीक्षांस एक पैसाही पडत नाही.

दुसरी पायरी : हवा. पेट्रोलइंजिनात १ किलो पेट्रोल नीट जळण्यास सुमारे १५ किलो हवा लागते. म्हणजे इंजिन हे मुख्यतः हवा पिणारे यंत्र आहे. एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरावा. कोकणातील लाल धुळीने तो विटकरी व घट्ट झाला असेल तर तो बदलण्यास दोन-तीनशे रुपये पुरतात. फिल्टरपासून इंजिनापर्यंतची रबरी नळी तडकली आहे काय, तेही पाहावे. गाडी बरेच दिवस उभी असेल तर फिल्टरच्या डब्यात उंदराने संसार मांडलेला असतो. हा विनोद नव्हे, आम्ही स्वतः पाहिला आहे.

तिसरी पायरी : पेट्रोल. गाडी सुरू होते, सावकाश नीट चालते, पण जोर मागितला की गुदमरते, तर पेट्रोल पुरेसे पोहोचत नसण्याचा संभव असतो. फिल्टर किती वर्षे बदललेला नाही, ते वहीत पाहावे. पंप बदलण्यापूर्वी पेट्रोलचा दाब मोजून घ्यावा. ज्याच्यापाशी गेज आहे असा कारागीर तो दहा मिनिटांत मोजतो. आम्ही दाब न मोजता ४,२०० रुपये घातले, ते या अज्ञानामुळेच. येथे पुष्कळांच्या मनात असलेल्या एका शंकेचे निरसन करणे अवश्य आहे. २०२५ सालापासून देशभरच्या पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. लीटरमागे इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असते. त्यामुळे हिशेब केला तर लीटरमागे सहा-सात टक्के उष्णता कमी मिळते. मायलेज थोडे घटेल, हे मान्य. पण एवढ्याने गाडी घाटात थांबत नाही. मोठ्या दोषाचे खापर या लहान कारणावर फोडू नये. जुन्या गाडीतील रबरी नळ्या व सील मात्र इथेनॉलने लवकर खराब होऊ शकतात. त्या गळतात काय, हे पाहत जावे.

चौथी पायरी : ठिणगी. प्लग म्हणजे इंजिनाची जीभ होय. वैद्य जीभ पाहतो, तसे ते पाहावे. तपकिरी किंवा फिकट राखाडी टोक निरोगी समजावे. काळी भुकटी असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे किंवा ठिणगी दुबळी आहे. तेलकट ओले असेल तर तेल वर येते आहे. पांढरेफटक असेल तर इंजिन अतिशय तापते आहे किंवा पेट्रोल कमी पडते आहे. कोणता प्लग कोणत्या सिलिंडरचा, याची खूण ठेवावी. सारे एकत्र टाकले तर पुरावाच नाहीसा होतो. तीन सिलिंडरच्या गाडीत एक सिलिंडर निकामी झाला तर तिसरा हिस्सा शक्ती जाते आणि उभी गाडी थरथरू लागते. प्लगच्या जुन्या वायरींतून ठिणगी बाहेर गळते. काळोख्या रात्री इंजिन चालू ठेवून लांबून पाहिले तर ती निळसर चमकताना दिसते. चालू इंजिनाच्या वायरीस हात मात्र लावू नये.

येथेच संगणकीय तपासणीविषयी दोन शब्द. एप्रिल २०१३ नंतर तयार झालेल्या मोटारींत सामान्यतः एक जोडणी असते, तीस हजार-पंधराशे रुपयांचे छोटे यंत्र लावले की दोषाचा संकेतांक मोबाईलवर दिसतो. त्यापूर्वीच्या अनेक गाड्या असल्या स्वस्त यंत्राशी बोलत नाहीत. म्हणून ते विकत घेण्यापूर्वी चौकशी करावी. शिवाय संकेतांक हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. तो तक्रार कोठे उमटली ते सांगतो. तिचे मूळ आपणच शोधावयाचे असते.

पाचवी पायरी : धुराची वाट. जेवढी हवा आत जाते तेवढी बाहेर पडली पाहिजे. १९९५ साली चार महानगरांतील नव्या मोटारींपासून आपल्याकडे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. धुरातील विषारी वायू कमी करणारी, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या बारीक छिद्रांची ही पेटी सायलेन्सरच्या अलीकडे असते. एखाद्या सिलिंडरात ठिणगी पडत नसेल तर न जळलेले पेट्रोल या पेटीत जाऊन जळते, ते पोळे वितळते आणि वाट बंद होते. अशी गाडी वेग घेऊ लागताच गळा दाबल्यासारखी होते. म्हणून प्लगचा पाचशे रुपयांचा दोष महिनोन् महिने अंगावर काढणे म्हणजे कित्येक हजारांच्या दोषास आमंत्रण देणे होय. नुसता कन्व्हर्टर बदलून प्लग तसेच ठेवले तर नवाही जातो, हेही लक्षात ठेवावे.

सहावी पायरी : दाब. येथवर काही सापडले नाही तरच इंजिनाच्या अंतरंगाकडे वळावे. सर्व प्लग काढून, पेट्रोलपंप व ठिणगी यांची जोडणी सोडून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, चांगल्या बॅटरीवर स्टार्टर फिरवून प्रत्येक सिलिंडरचा दाब गेजने मोजतात. आकड्यांकडे नुसते मोठे की लहान म्हणून पाहू नये; ते परस्परांशी ताडून पाहावे. एकच सिलिंडर कमी असेल तर दोष त्या सिलिंडरचा. शेजारचे दोन कमी असतील तर मधले हेड गॅस्केट फुटल्याचा संशय घ्यावा. अशा वेळी पाणीही कमी होते व पांढरा धूर निघत राहतो. नंतर कमी दाबाच्या सिलिंडरात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे. दाब चांगलाच वाढला तर रिंगा झिजल्या, कारण तेलाने त्यांची फट तेवढ्यापुरती बुजविली. वाढला नाही तर दोष रिंगांच्या वर आहे. तो व्हॉल्व्हचा किंवा त्यांच्या वेळेचा असू शकतो. ज्या जुन्या इंजिनांत टॅपेट हाताने जुळवावे लागतात, त्यांत ते घट्ट झाले तरी व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि दाब उतरतो. टॅपेट जुळविणे हे काही शे रुपयांचे काम आहे.

आता आमच्या गाडीकडे परत येऊ. पहिल्या पाच पायऱ्यांत दोष नव्हता. मामांच्या सांगण्यावरून आम्ही १,३५० रुपयांस एक दाबाचे गेज घेतले. तीन सिलिंडरांचे आकडे आले १३५, १३३ आणि १३६ पौंड. कमी खरे, गॅरेजने खोटे सांगितले नव्हते. परंतु तिन्ही जवळजवळ सारखे! मामांनी प्रत्येकात चमचाभर तेल घातले. आकडे झाले १३९, १३७ आणि १४०. म्हणजे वाढ नाममात्र.

मामा आमच्याकडे वळून म्हणाले, “मास्तर, तुम्ही गणित शिकवता. तीन भाऊ एकाच दिवशी, एकाच मापाने आजारी पडले तर दोष कोणाचा? भावांचा की घरच्या घड्याळाचा?”

घड्याळ म्हणजे टायमिंग. इंजिनात पिस्टन खाली-वर करणारा क्रँकशाफ्ट दोनदा फिरतो तेव्हा व्हॉल्व्ह उघडमीट करणारा कॅमशाफ्ट एकदा फिरतो. दोहोंची सांगड तो दातेरी पट्टा घालतो. पट्टा बसविताना एका दाताची चूक झाली तर क्रँकशाफ्टच्या हिशेबाने पंधरा ते वीस अंशांचा फरक पडतो. आमच्या गाडीत कॅमशाफ्ट एक दात मागे राहिला होता. हवा आत घेणारा व्हॉल्व्ह मिटावयास उशीर होई. पिस्टन वर येऊ लागला तरी दार उघडेच. आत आलेली हवा थोडी परत बाहेर जाई. जी हवा दाबली जावयाची तीच कमी, म्हणून दाब कमी, आणि तिन्ही सिलिंडरांत सारखाच कमी. वेगात असताना आत येणाऱ्या हवेचा ओघ मोठा असतो, त्यामुळे ही उणीव फारशी जाणवत नाही. सावकाश चढताना, जेथे जोर खरोखर लागतो, तेथेच ती उघडी पडते. सपाटीवर पळणारी गाडी कुंभार्लीत का बसली, याचा उलगडा झाला.

पट्ट्यावरील झाकण काढून खुणा पाहिल्या. खालची खूण जागेवर आणली तेव्हा वरची एका दाताने चुकलेली स्पष्ट दिसली. एका छोट्या गॅरेजवाल्याने मामांच्या देखरेखीखाली तोच पट्टा काढून पुन्हा बसविला, इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा परत ताडून पाहिल्या आणि ८०० रुपये मजुरी घेतली. दाब पुन्हा मोजला : १६२, १६० आणि १६३. गेजसह एकूण खर्च २,१५० रुपये. ४२,००० रुपयांचे काम आम्ही केले असते, तर नव्या रिंगांवर पट्टा कदाचित नीट बसला असता, गाडी चालली असती, आणि रिंगाच गेल्या होत्या अशी आमची जन्मभर खात्री राहिली असती. चुकीचे निदान असे कधी कधी बरोबर ठरल्यासारखे दिसते. हाच त्याचा खरा धोका होय.

पुढील महिन्यात तीर्थरूपांना घेऊन आम्ही घाट चढलो. पोफळी सुटल्यावर आमचा हात गिअरवर घट्ट झाला. गाडी दुसऱ्या गिअरात चढत राहिली. तीर्थरूप खिडकीतून बाहेर पाहत होते. वर आल्यावर ते एवढेच म्हणाले, “बरी आहे की नवी गाडी.”

यातून कोणी असा समज करून घेऊ नये की प्रत्येक जुनी गाडी दोन हजारांत बरी होते. तेल घातल्यावर दाब वाढला असता, निळा धूर निघत असता, तर गॅरेजचा निकाल आम्ही मान्य केला असता आणि गाडीचा निरोपही घेतला असता. निदानाचा उपयोग खर्च टाळण्यापुरताच नाही; केलेला खर्च डोळसपणे करता यावा, यासाठीही तो आहे. तसेच गॅरेजवाले सारे लबाड, असेही आम्हांस म्हणावयाचे नाही. ग्राहकास घाई असते, त्याला नीट हकीकत सांगता येत नाही आणि तपासणीचे पैसे देण्यास तो तयार नसतो. मग कारागीर अंदाजाने भाग बदलतो. म्हणून गॅरेजमध्ये जाताना लेखी टाचण न्यावे, “हा दोष कोणत्या परीक्षेवरून ठरविला?” असे नम्रपणे विचारावे, आकडे लिहून घ्यावे, काढलेला जुना भाग परत मागावा, आणि तपासणीची मजुरी आनंदाने द्यावी. ती सर्वांत स्वस्त दुरुस्ती आहे.

स्वतः पाहणी करणाऱ्यांनी चार पथ्ये पाळावीत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. पेट्रोलचे काम चालू असता विडी, काडी, दिवा जवळ नसावा. आणि दारे लावलेल्या जागेत इंजिन चालू ठेवू नये; त्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो.

जाता जाता एक सूचना व एक कबुली.

सूचना अशी. आपल्या मंडळापाशी लग्नकार्याची भांडी आहेत. ज्याच्या घरी कार्य असेल तो नाममात्र शुल्क भरून ती नेतो आणि घासून परत आणून देतो. त्याच कपाटात दाबाचे एक गेज, प्लगचे पाने, चाकांची हवा मोजण्याचे यंत्र व इलेक्ट्रिशियनचा मीटर ठेवला तर काय बिघडेल? वर्षातून दोनदा लागणारी वस्तू प्रत्येक घराने का विकत घ्यावी? आमचे गेज आम्ही आजच कार्यवाहांच्या स्वाधीन करीत आहो.

कबुली अशी. सौभाग्यवतींचे मामा गेली कित्येक वर्षे या संमेलनास येतात आणि मागच्या रांगेत बसतात. आजही तेथेच बसले आहेत. आपण पदवीधरांचा सत्कार करतो, तो योग्यच आहे. त्यांत आमचे विद्यार्थीही असतात. परंतु ज्या हातांनी एकतीस वर्षे हजारो प्रवाशांच्या गाड्या घाटांतून सुखरूप नेल्या, त्या हातांना आपण कधी या व्यासपीठावर बोलाविले नाही. त्यांच्या तेलकट बोटांकडे पाहून आम्हीही पूर्वी त्यांच्याशी हवापाण्यापलीकडे बोललो नव्हतो. गणित आम्ही शिकविले. पण तीन आकडे सारखे आहेत याचा अर्थ मात्र त्यांनी सांगितला. कार्यकारी मंडळाची अनुज्ञा असेल तर भोजनानंतर मामांनी बाहेरच्या पटांगणात गाड्यांपाशी बसावे आणि ज्यांना शंका असतील त्यांनी त्या त्यांना विचाराव्यात, अशी आमची विनंती आहे. खुर्ची आणि चहा तेवढा द्यावा. पहिले सहा प्रश्न तेच विचारतील.